पान एकशे बारावरचे रहिवासी

"छप्पर पुरत नाही," वकील म्हणाला. "शेपूट, जा, अजून चार कागद आण."

"मीच का?"

"कारण डोकं पुढे असतं आणि शेपूट मागे. डोकं सध्या विचार करतंय."

शेपूट कुरकुरत छापखान्याच्या मागच्या दाराकडे पळाला. सुट्टी लागून दहा दिवस झाले होते आणि तिघांनी छापखान्याच्या मागच्या अंगणात तंबू ठोकायला घेतला होता. चार बांबू, सुतळीचा गुंडा आणि वाया गेलेले कागद एवढंच सामान. यंत्र सुरू केलं की पहिले शंभर-दीडशे कागद बिघडतात. कुठे शाई जास्त, कुठे छपाई तिरकी. ते मुलांनी न्यावेत, अशी मालकांची परवानगी होती. कागद चांगले चादरीएवढे, एका बाजूला आठ-आठ पानं छापलेली.

वकील तेरा वर्षांचा होता. जेवायला बस म्हटलं तरी "कोणत्या कारणास्तव?" असं विचारायचा, म्हणून त्याला हे नाव पडलं. शेपूट त्याचा धाकटा भाऊ. आणि टाचणी त्यांची मामेबहीण, बारा वर्षांची. अंगाने काडी आणि बोलणं टोचणारं. सुट्टीत ती आत्याकडे, म्हणजे या दोघांच्या घरी यायची. तिघांचे आजोबाही तिथेच राहायचे. ते या छापखान्यात गेली बत्तीस वर्षं प्रुफं तपासत होते.

छप्पर झालं. तिघं आत उताणे पडले.

"ए, इथे माणसं राहतात," वर बघत शेपूट म्हणाला.

"कुठे?"

"आकाशात. पान एकशे बारा." आणि तो एकेक शब्द जुळवत वाचू लागला. "'तिवई ही तीन मंद ताऱ्यांची संस्था आहे. तिचा एकुलता एक ग्रह म्हणजे फडताळ. फडताळावर चार कप्पे आहेत. वरच्या कप्प्यातल्या लोकांनी खालच्या कप्प्यातल्यांना कधीही पाहिलेले नाही. येथील रहिवासी जोडीने राहतात. एक बोलतो, दुसरा ऐकतो. प्राचीन काळी कोनाडा नावाच्या राजाने सर्वांना एकाच वेळी बोलण्याचा हुकूम दिला, तेव्हा तीनशे वर्षे कोणालाच काही ऐकू आले नाही. या काळाला बधिरयुग म्हणतात. जोडीतला बोलणारा बहुधा आधी मरतो.'"

वकील उठून बसला. "हे प्राध्यापकांच्या ग्रहताऱ्यांच्या पुस्तकात? चंद्रावर वारा असतो म्हटलं म्हणून त्यांनी मला अर्धा तास झापलं होतं, त्या प्राध्यापकांच्या?" तो इतका हसला की तंबूचा एक बांबू आडवा झाला. मग एकदम गंभीर झाला. "हे कोणीतरी मुद्दाम घुसडलंय. शोधलं पाहिजे."

टाचणी आडवा झालेला बांबू उभा करू लागली. शोधण्यासारखं काही नव्हतं. तिवई तिची होती. फडताळही तिचंच.

त्याचं असं झालं होतं. प्रूफ तपासायला दोन माणसं लागतात. एकाने लेखकाची मूळ प्रत हातात धरून मोठ्याने वाचायची, अगदी स्वल्पविराम, पूर्णविराम, नवा परिच्छेद सगळं बोलून. दुसऱ्याने छापलेल्या प्रुफावर नजर ठेवून चुका खुणावायच्या. एकतीस वर्षं वाचायचं काम आजीने केलं होतं. गेल्या वर्षी आजी गेली. तेव्हापासून आजोबा एकटेच, एक बोट मूळ प्रतीवर आणि एक प्रुफावर ठेवून काम करायचे. त्यात त्यांचे डोळे दुखायचे. म्हणून या सुट्टीत टाचणी घरी, त्यांच्या खोलीत, त्यांच्यासमोर वाचायला बसली.

"अर्थात शिरायचं नाही," आजोबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "अर्थात शिरलं की चुका निसटतात. मी फक्त अक्षरं बघतो."

"म्हणजे तुम्हाला गोष्ट कळतच नाही?"

"पुस्तक बांधून आलं की कळते."

चौथ्या दिवशी दुपारी टाचणी कंटाळली. प्राध्यापकांच्या पुस्तकात आकडेच आकडे. खरंच यांना अर्थ कळत नसेल का, असं तिच्या मनात आलं. समोर आजोबांची तिवई होती, भिंतीला फडताळ होतं, बाजूला कोनाडा. तिने प्राध्यापकांचा परिच्छेद संपवला आणि आवाजात जराही फरक न करता "नवा परिच्छेद" म्हणून आपलीच ताऱ्यांची गोष्ट सुरू केली.

आजोबांची पेन्सिल थांबली. त्यांनी प्रुफावर बोट फिरवलं. अक्षरजुळणी करणाऱ्यांकडून आख्खा परिच्छेद सुटला, असं त्यांना वाटलं. त्यांनी कागदाची वेगळी पट्टी घेतली आणि ती सांगेल तसं टपोऱ्या अक्षरात उतरवून घेतलं. मूळ प्रत मागून बघितली नाही. आजीची प्रतही त्यांनी कधी बघितली नव्हती. वाचणाऱ्याचं तोंड हीच मूळ प्रत, असा त्यांचा नियम होता.

"बोलणारा बहुधा आधी मरतो" हे वाक्य टाचणीच्या तोंडून निघालं आणि तिचं तिलाच चपापल्यासारखं झालं. तिने घाईने "पूर्णविराम" म्हटलं. आता हसून खरं सांगायचं, असं तिने ठरवलं होतं. पण आजोबांनी पट्टी प्रुफाला चिकटवली, चष्मा वर केला आणि म्हणाले, "बरं झालं तू होतीस बाई. एकट्याने वाचलं असतं तर हे सुटलंच असतं. आजीसारखा कान आणि तोंड आहे तुझं."

अशी शाबासकी मिळाल्यावर खरं सांगायचं कसं? उद्या सांगू, असं तिने ठरवलं. आणि असे सहा उद्या गेले.

"टाचणे, चल," वकील कागद गुंडाळत म्हणाला. "तपास सुरू."

संगणकावर जुळणी करणारी ताई खिडकीपाशी बसायची. तिने कागद वाचला आणि तिचा चेहरा उतरला. "मी आलं तसं टाइप केलं. मी काय वाचत बसते का?" तिने कपाटातून पहिलं प्रूफ काढलं. पान एकशे बाराला पट्टी चिकटवलेली होती. टपोरं, सरळ, ओळखीचं अक्षर.

"हे तर आजोबांचं," शेपूट म्हणाला आणि लगेच त्याने जीभ चावली.

तेवढ्यात मालक आले. मग फोन झाले. अर्ध्या तासात प्राध्यापकही हजर झाले, आजोबांनाही बोलावणं गेलं. पुस्तकाच्या तीन हजार प्रतींचे कागद छापून बांधणीच्या खोलीत रचलेले होते आणि प्रत्येकात फडताळावर माणसं राहत होती.

"माझ्या नावावर," प्राध्यापक म्हणाले. "माझ्या नावावर कोनाडा राजा. मी शहरात तोंड कसं दाखवू?"

आजोबांनी पट्टी हातात घेतली. खिडकीच्या उजेडात धरली. मूळ प्रत मागवून ते पान दोनदा वाचलं. तिथे काही नव्हतं.

"अक्षर माझंच आहे," ते म्हणाले. मग त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या टाचणीकडे पाहिलं. "तू वाचलं होतंस का गं हे?"

खोलीतले सगळे तिच्याकडे बघू लागले. "मला... मला आठवत नाही," ती म्हणाली.

"नसेलच," आजोबा लगेच म्हणाले. "प्रतीतच नाही तर पोर वाचेल कुठून? तिला कशाला विचारतोय मी." त्यांनी पट्टी हळूच टेबलावर ठेवली. "तिवई, फडताळ, कोनाडा. सगळं माझ्याच खोलीतलं आहे. मीच लिहिलं असणार. मला आठवत नाही, एवढंच."

मालक खाली बघून म्हणाले, "वहिनी गेल्यापासून तुम्ही थकलात. थोडी विश्रांती घ्या. पुढची प्रुफं मी दुसऱ्या कोणाकडे देतो."

"बरोबर आहे," आजोबा म्हणाले. भांडले नाहीत, काही नाही. उलट त्यांनी प्राध्यापकांची माफी मागितली. हात जोडून.

टाचणी दारामागे सरकली. वयाच्या बाराव्या वर्षी माणसाने आपल्या आजोबांना दुसऱ्यासमोर हात जोडताना बघावं, तेही आपल्या खोटेपणापायी, यासारखी लाज नाही. तिला वाटलं, त्या कागदांच्या थप्पीत शिरून कोणी आपल्यालाच बांधून टाकलं तर बरं.

संध्याकाळी घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. आत्या स्वयंपाकघरात फोनवर टाचणीच्या वडिलांशी बोलत होती. "दादा, बाबांना डॉक्टरांना दाखवायला हवं रे. लिहितात आणि त्यांनाच आठवत नाही. आज ग्रहांवर माणसं लिहिली, उद्या गॅस चालू ठेवून बाहेर जातील."

आजोबा आपल्या खोलीत बसले होते. टाचणी पाणी द्यायला गेली, तर त्यांनी तिला समोर बसवलं.

"मला काहीतरी विचार," ते म्हणाले. "पाढा विचार. तारखा विचार. बघू, डोकं कितपत चालतंय."

"आजोबा, तुमचं डोकं..."

"विचार गं."

तिने सतराचा पाढा विचारला. त्यांनी अडखळत का होईना, पुरा म्हटला. आजीचा वाढदिवस विचारला. तो त्यांनी वारासकट सांगितला. मग पेन्सिलीला टोक काढत स्वतःशीच म्हणाले, "हे सगळं आठवतंय. मग तेवढीच अर्धी दुपार कुठे गेली?"

रिकामा पेला घेऊन टाचणी बाहेर आली आणि जिन्यात बसली.

थोड्या वेळाने वकील आणि शेपूट तिथेच येऊन बसले. वकिलाच्या हातात वही होती.

"एक गोष्ट सापडली," तो म्हणाला. "पट्टीचा मजकूर घालून दुसरं प्रूफ निघालं होतं. ते प्राध्यापकांकडे गेलं. ते 'वाचले, छापावे' अशी सही करून परत आलं. मी ताईकडे जाऊन तो गठ्ठा बघून आलो. ताई दोरीच्या गाठीवर कागद चिकटवते ना, तो जसाच्या तसा आहे. गाठ सुटलेलीच नाही. सही नुसती वरच्या चिठ्ठीवर. आणि छपाईचा हुकूम मालकांनी त्या चिठ्ठीवरून दिला. म्हणजे कोणीही काहीही वाचलं नाही, आणि दोष एकट्या आजोबांचा."

"मला एक कळत नाही," शेपूट म्हणाला. "ते फडताळावरचे लोक वरच्या कप्प्यात चढत का नाहीत? त्यांना पाय किती?"

"पाय नसतातच त्यांना," टाचणी म्हणाली. "कप्प्यात राहणाऱ्यांना पाय कशाला? ते सरकतात."

शेपटाने मान डोलवली. "हां, बरोबर."

वकिलाने वही मिटली. तो टाचणीकडे बघत राहिला.

"पट्टीवर पायांचं काही लिहिलेलं नाही," तो म्हणाला.

टाचणीने गुडघ्यांत डोकं घातलं. मग तिने सगळं सांगितलं. शाबासकीपासून "आठवत नाही"पर्यंत. शेपूट आ वासून ऐकत होता.

"मला दुपारीच शंका आली होती," वकील म्हणाला. "तू हसली नाहीस. एवढी गंमत ऐकून तू हसत नाहीस म्हणजे काय? मी वाट बघत होतो, तू कधी बोलतेस याची."

"मग विचारलं का नाहीस?"

"तुझं तू सांगायला हवं होतंस."

हे मात्र टाचणीला चांगलंच टोचलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा छापखान्यात ठेवलेला आपला दुसरा चष्मा, पेन्सिली आणि खोडरबर पिशवीत भरायला तिथे गेले. प्राध्यापकही आले होते. कागदांचं काय करायचं, ते ठरायचं होतं. तिघं मुलं त्यांच्या मागोमाग आत शिरली.

"मला बोलायचंय," टाचणी म्हणाली. तिचे कान गरम झाले होते. "ते आजोबांनी मनाने लिहिलेलं नाही. मी वाचलं. प्रतीत नव्हतं तरी वाचलं, गंमत म्हणून. त्यांनी मी सांगितलं तेवढंच उतरवलं. आणि काल मी खोटं बोलले."

मालक हसले, मायेने. "पोरी, आजोबांवर तुझा जीव आहे, ते दिसतंय. पण त्यांना वाचवायला खोटं बोलू नये."

टाचणी बघतच राहिली. खोटं बोलली तेव्हा सगळ्यांनी मानलं, आणि खरं बोलली तर हे.

"खरंच मी..."

"अगं, असं होईल का? कोणी काहीही वाचेल आणि ऐकणारा मुकाट लिहून घेईल? मी असतो तर पहिल्याच शब्दाला पकडलं असतं."

वकील पुढे झाला. "मग बसा ना, मालककाका. पाचच मिनिटं. तुम्ही प्रूफ धरा, ही वाचेल. एकदा तरी खोटं वाचणार, आधीच सांगून ठेवतो. पकडा."

मालकांना गंमत वाटली. ताईच्या टेबलावर मधमाश्या पाळण्याच्या एका पुस्तकाचं प्रूफ होतं. ते घेऊन त्यांनी चष्मा लावला, बाह्या सरसावल्या. टाचणीने मूळ प्रत उघडली. तिला हे करायचं नव्हतं. असल्याच करामतीने तर हे सगळं झालं होतं. पण आजोबांची पिशवी निम्मी भरलेली तिला दिसत होती.

ती वाचू लागली. स्वल्पविराम, पूर्णविराम, आकडे. मालकांनी एक ऱ्हस्व पकडला, एक सुटलेला अनुस्वार पकडला. दर वाक्याला ते डोळे बारीक करत होते. कुठे ग्रह येतो, कुठे राजा येतो, याची वाट बघत होते.

"'पेटी जमिनीवर ठेवू नये, पूर्णविराम. ती तिवईवर ठेवावी, स्वल्पविराम, आणि तिवईचे पाय पाण्याच्या वाट्यांत बुडवावेत, स्वल्पविराम, म्हणजे मुंग्या चढत नाहीत, पूर्णविराम.'"

"थांब, थांब," मालक म्हणाले. "तिवईचं वाक्य इथे नाहीच. ताई, हे सुटलंय बघ." त्यांनी समासात भराभर लिहून घेतलं आणि विजयाने सगळ्यांकडे पाहिलं. "असं काम करायचं असतं. हं, पुढे वाच. अजून खोटं आलं नाही."

"आलं," वकील म्हणाला. "प्रत बघा."

मालकांनी प्रत ओढून घेतली. पेटी जमिनीवर ठेवू नये, एवढंच तिथे होतं. मुंग्या नव्हत्या, वाट्या नव्हत्या, तिवई नव्हती. मालकांनी आपलंच अक्षर पुन्हा एकदा वाचलं. ताईने तोंडाला पदर लावला. प्राध्यापक खो-खो हसायला लागले. "आधी सांगून फसवलं हो तुम्हाला."

"प्राध्यापककाका," वकील नम्रपणे म्हणाला, "दुसरं प्रूफ तुम्ही पूर्ण वाचलं होतं?"

"म्हणजे काय. सही आहे की माझी."

"गाठ न सोडता कसं वाचलंत?" त्याने गठ्ठा टेबलावर ठेवला. गाठीवरचा कागद तसाच होता.

प्राध्यापकांचं हसू जागच्या जागी विरलं. ते कानापर्यंत लाल झाले. "परीक्षेचे पेपर होते त्या आठवड्यात," ते पुटपुटले. मग तेही थांबले आणि आजोबांकडे वळून म्हणाले, "काल तुम्ही माझी माफी मागितलीत. ती परत घ्या. देणं माझ्याकडे लागतं."

आजोबा पिशवीशेजारच्या स्टुलावर बसले.

"म्हणजे माझं डोकं ठीक आहे तर," ते म्हणाले.

ते रागावले असते तर टाचणीला सोपं गेलं असतं. पण त्यांच्या आवाजात नुसतं हायसं वाटणं होतं, रात्रभर न झोपलेल्या माणसाचं. ते ऐकून तिला जे रडू आलं, ते दोन्ही हातांनी थांबेना.

तीन हजार प्रतींचे कागद फेकून देण्याची गरज पडली नाही. बांधणीवाल्या काकांनी उपाय सांगितला. पुस्तकं बांधायची, प्रत्येकातलं ते एक पान कडेला बोटभर ठेवून कापायचं आणि नवीन छापलेलं पान त्या बोटभर कडेला चिकटवायचं. तीन हजार वेळा. बांधणीच्या खोलीत सतरंजी पसरली. टाचणी कापायला, वकील खळ लावायला, शेपूट पान बसवायला. दुसऱ्या दिवशी मालक येऊन बसले, तिसऱ्या दिवशी प्राध्यापक. प्राध्यापकांची बोटं एकमेकांना चिकटायची आणि शेपूट त्यांना ओरडायचा, "काका, खळ कमी घ्या. किती वेळा सांगायचं?" काम अकरा दिवस चाललं.

शेवटच्या दिवशी मालकांनी तिघांची पाठ थोपटली. "तपास करावा तर या वकिलाने. आणि चुकल्यावर सगळ्यांसमोर उभं राहावं तर हिने. शाबास." प्राध्यापक म्हणाले, "बधिरयुग मला आवडलं बरं का. लिहीत जा. फक्त माझ्या पुस्तकात नको." सगळे हसले. टाचणीने मान खाली घातली. शाबासकी ऐकताना आता तिचे कान गरम व्हायचे.

त्या रात्रीचं जेवण झालं, दुसरा दिवस उजाडला. मालकांनी पुन्हा त्यांच्याकडेच दिलेलं मधमाश्यांचं प्रूफ पसरून आजोबा खोलीत बसले होते. त्यांनी हाक मारली नाही. टाचणी दारात उभी राहिली. आत जाण्याचा हक्क आपण घालवलाय, हे तिला कळत होतं. पाच मिनिटं गेली असतील.

"उभी का? ये," आजोबा म्हणाले.

ती बसली. त्यांनी मूळ प्रत तिच्या हातात दिली, पण प्रूफ ओढून घेतलं नाही. कापलेल्या पानांपैकी एक त्यांच्याजवळ होतं.

"काल हे अर्थ लावून वाचलं," ते म्हणाले. "एक राहिलंय. बोलणारा आधी मरतो, असं लिहिलंयस. मग ऐकणारा काय करतो?"

टाचणीने खूप विचार केला. चटकन काहीतरी छान सुचेल, असं तिला वाटलंही. तसं तिला नेहमीच सुचायचं.

"मला माहीत नाही, आजोबा," ती म्हणाली.

आजोबांनी पान घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवलं.

"मलाही नाही," ते म्हणाले. "वाच."